मदत हवी आहे: 'प्रिन्सेस टुटु'च्या डीव्हीडीवर नाचताना दिसणाऱ्या आडव्या रेषा

'प्रिन्सेस टुटु' या बॅलेवरच्या जपानी ॲनिमे मालिकेचा अमेरिकन डीव्हीडी संच (रीजन १ म्हणजे अमेरिका-कॅनडासाठीचा, एनटीएससी म्हणजे तिथली टीव्ही पद्धत) लॅपटॉपवर लावला की गिरकी घेताना पायाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात. चित्र थांबवून एकेक फ्रेम पुढे नेली, तर सलग तीन फ्रेम स्वच्छ आणि पुढच्या दोन दातेरी, असं चक्र आहे. म्हणजे मूळ सेकंदाला २४ फ्रेमचं चित्रण ३:२ पुलडाऊनने (फ्रेमचे अर्धे भाग ठरावीक क्रमाने पुन्हा वापरून) सेकंदाला २९.९७ फ्रेमवर नेलेलं आहे, डिस्क खराब नाही.

व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस (अशा रेषा घालवण्याची सोय) 'यादिफ' या पद्धतीवर ठेवलं की रेषा जातात. पण जादा फ्रेम तशाच राहतात, त्यामुळे कॅमेरा सरकताना चित्र अडखळतं आणि बॅलेच्या बुटांच्या फितीसारख्या बारीक रेघा तुटक दिसतात. ज्या मालिकेत सगळी भिस्त नाचावर आहे, तिथे हे फार खुपतं. त्याऐवजी 'फिल्म एनटीएससी (आयव्हीटीसी)', म्हणजे पुलडाऊन उलटवून मूळ २४ फ्रेम परत मिळवणारी पद्धत, निवडलं तर नाच छान सरकतो, मात्र श्रेयनामावलीत आणि काही दृश्यबदलांच्या वेळी रेषा परत येतात.

दुसऱ्या पर्वाचे बरेच भाग जपानमध्ये अर्धे-अर्धे दाखवले होते आणि डिस्कवर ते जोडलेले आहेत. त्या जोडापाशी चक्राचा क्रम मोडत असेल का? एमपीव्ही या दुसऱ्या प्लेअरमधला 'पुलअप' फिल्टर (तोही पुलडाऊन उलटवतो) असा मोडलेला क्रम स्वतःहून सावरतो का? की श्रेयनामावलीपुरतं यादिफ लावणंच बरं?

ड्राइव्हचा रीजन बदलायला सांगू नका, तो आधीच १ वर आहे आणि बदल पाचच वेळा करता येतो.