घरखर्चाची अ‍ॅपं बुडाली, तर खापर आपल्याच डोक्यावर का?

वहीवाला
शेजारच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय की घरखर्च मांडायची आणि काँट्री, म्हणजे ग्रुपचा खर्च, वाटायची अ‍ॅपं आपल्याकडे चालत नाहीत, कारण आपल्या लोकांना पैशाची शिस्त नाही. डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

अमेरिकेत मिंट नावाचं घरखर्चाचं अ‍ॅप होतं. इंट्युइट या सॉफ्टवेअर कंपनीने २००९ मध्ये १७ कोटी डॉलरला विकत घेतलं आणि मार्च २०२४ मध्ये टाळं लावलं. वापरणाऱ्यांना सांगितलं, आमच्याच क्रेडिट कर्मावर जा. तिथे काय, तर कर्जं आणि कार्डं सुचवणार. मग अमेरिकनही बेशिस्त का?

आपल्याकडचं वॉलनट आठवतंय? बँकेचे एसएमएस वाचून खर्च मांडायचं. २०१८ मध्ये कॅपिटल फ्लोटने घेतलं, म्हणजे कर्ज देणाऱ्यांनी. मनी व्ह्यूसुद्धा खर्च दाखवता दाखवता कर्जाकडेच वळलं. हिशेब मांडून द्यायचे पैसे मिळत नाहीत, पण कुणाची महिनाअखेर कोरडी जाते हे कळलं की त्याला कर्ज विकता येतं. धंदा तिथे आहे. यात शिस्त कुठून आली?

कोथरूडकर७२
ते ‘ठोकून देणारा’ मीच. नाव घ्यायला लाज कसली? वायनॅब हे अमेरिकेतलं बजेटचं अ‍ॅप वर्षाला १०९ डॉलर घेतं आणि लोक देतात. आपल्याकडे महिन्याला शंभर रुपये मागितले की एक तारा देऊन शिव्या. आमचे वडील दूधवाल्याचे खाडेसुद्धा कॅलेंडरवर मांडायचे.

बॅकएंडबाबू
काका, मी अशाच एका कंपनीत कोड लिहायचो. प्रत्येक बँकेच्या एसएमएसची तऱ्हा वेगळी, आज जमवलं की उद्या बदललं. त्यात २०१८ च्या अखेरीस गूगलने एसएमएस वाचण्यावर निर्बंध आणले, रीतसर सूट मागायला लागली. आणि यूपीआयनंतर तर कटिंगचीही नोंद. समोर नाव येतं नुसतं ‘रमेश’. तो वडेवाला, प्लंबर की घरमालक, अ‍ॅपला काय स्वप्न पडणार? सगळं ‘इतर’ खात्यात. महिन्याने लोक कंटाळून काढून टाकायचे.

खमंग_वहिनी
काँट्रीचं कुणी बोलेल का? स्प्लिटवाइज या वाटणीच्या अ‍ॅपमध्ये फुकटवाल्यांना दिवसाला मोजक्याच नोंदी. पण माझं दुखणं वेगळं. मालवणला ग्रुपने गेलो. मी शाकाहारी, पीतही नाही. माझी सोलकढी आणि भात, बाकीच्यांची सुरमई, तिसऱ्या, वर खंबा. आणि बिल? समान भागिले.

अंधेरी_फास्ट
पदार्थागणिक वाटायची सोय असते हो अ‍ॅपमध्ये.

खमंग_वहिनी
असते. वापरून बघा आणि मग ग्रुपवर तुमचं काय नाव पडतं ते कळवा.

सुरमईप्रेमी
इतकं मोजायचं तर घरी बसावं. गाडी कुणी चालवली, त्याचे पैसे लावले का तुम्ही?

खमंग_वहिनी
पेट्रोल आणि टोल भरलाय मी, दादा. पिणाऱ्यांना ‘मोजू नका’ म्हणणं नेहमीच सोपं जातं.

कोथरूडकर७२
आमच्या वेळी सरळ टीटीएमएम. तुझं तू, माझं मी. विषय संपला.

अंधेरी_फास्ट
काका, तेव्हा वेटर सहा बिलं करून द्यायचा का? काहीही.

वहीवाला
धागा हॉटेलात गेलाच आहे तर ऐका. रक्कम वाटणं अवघड नाही, मागणं अवघड आहे. वसुलीचं वाईटपण अ‍ॅपने घ्यावं, एवढ्यासाठीच लोक ते ठेवतात. वर १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवरची मित्राला पैसे मागायची कलेक्ट रिक्वेस्टही बंद, फसवणुका व्हायच्या म्हणून. आता क्यूआर पाठवा आणि वाट बघा.

कोथरूडकर७२
बरं, मिंटचं मान्य. कर्जाचंही. तुम्ही अर्थमंत्री, आम्ही अडाणी. पण वही लिहायला कंपनी लागत नाही, हे माझं म्हणणं तसंच आहे.

बॅकएंडबाबू
मग अ‍ॅप चालत नाही म्हणून ओरडलात कशाला?

सुरमईप्रेमी
वहिनी, राग सोडा. जादाचे पैसे मिळाले का शेवटी?

खमंग_वहिनी
निम्मे. उरलेले ज्याच्याकडे आहेत, त्याचं ‘भेटल्यावर देतो’. तो आता बंगळूरला असतो.