मदत हवी आहे: उघडलेल्या बर्बनचा वास उतरतो का?

रात्रीच्या जेवणाआधी 45 मिली बर्बन (अमेरिकी व्हिस्की), बर्फाशिवाय, सावकाश. दिवसभरातली माझी ही आवडती वेळ, म्हणून जरा जीव लावून विचारतोय.

सध्याची बाटली ‘बॉटल्ड इन बॉण्ड’ आहे. म्हणजे 1897 च्या अमेरिकी कायद्यात बसणारी, निदान चार वर्षं मुरलेली, 50 टक्के अल्कोहोलची. उघडून सात-आठ महिने झाले, तळाला जेमतेम पाव भाग उरलाय. सुरुवातीला ग्लास नाकाशी नेला की आधी व्हॅनिला, मग करपत आलेल्या साखरेचा गोडसर वास यायचा. आता लाकूड आणि तिखटपणाच पुढे येतो, गोडवा कुठे गेला कळत नाही. ग्लास तोच, वेळ तीच. बाटली उभी, कपाटात अंधारात असते. बूचही घट्ट आहे.

काल चमचाभर, म्हणजे साधारण 5 मिली साधं पाणी घातलं. हिशेबाने अल्कोहोल 45 टक्क्यांवर आलं आणि व्हॅनिला थोडा परतलाही! त्यामुळे गोंधळ वाढलाय. बाटलीत साठलेल्या हवेने खरंच वास घालवलाय, की माझ्याच नाकाला सवय झालीय?

उरलेली बर्बन लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी का? कुणी असं करून, आधीची आणि नंतरची चव शेजारी शेजारी घेऊन पाहिली आहे का? पुढची बाटली उघडण्याआधी कळलं तर पहिल्या दिवसापासून काळजी घेईन.