मदत हवी आहे: उपाशीपोटी १२९, जेवणानंतर १३६, एचबीए१सी ६.९. हा डायबेटिस आहे की नाही?

नमस्कार मंडळी,

ताईच्या (वय ४३) रक्ततपासणीचे आकडे शीर्षकात दिलेत. पहिले दोन मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर, तिसरा (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) अर्थातच टक्के. बरेच दिवस थकवा जात नव्हता म्हणून तपासण्या केल्या, त्यात हे निघालं. डॉक्टरांकडे गर्दी होती. त्यांनी रिपोर्ट बघून "शुगर आहे" म्हणत मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी लिहून दिली आणि पुन्हा बोलावलंय.

घरात आता दोन तट पडलेत. भावोजी म्हणतात, जेवणानंतरची साखर १४० च्या आत आहे ना, मग डायबेटिस कसला? लॅबवाल्यांचं काहीतरी चुकलं असणार. ताईचं म्हणणं, मला ना फार तहान लागत, ना रात्री लघवीला उठावं लागत, उगाच आयुष्यभराच्या गोळ्या कशाला मागे लावून घेऊ? मला दोघांचंही पटत नाही, पण का पटत नाही तेही सांगता येत नाही.

विचारायचं ते हे. रात्रभर पोटात काही नसताना सकाळी १२९ साखर आली कुठून? जेवल्यावर ती जेमतेम सातने वाढते, हे कसं? आणि तीन आकडे तीन गोष्टी सांगत असतील तर धरायचा कोणता?

कृपया उपाय सुचवू नका. काढे, बिया आणि चूर्णं यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर पुरेसा साठा झाला आहे. आधी हे प्रकरण समजून घ्यायचं आहे.

साखरझोप:
मी या वाटेवरचा जुना गडी, टाइप २, म्हणजे सर्रास आढळणारा डायबेटिस. डॉक्टर नाही, पण पहिल्या प्रश्नावर माझं बरंच डोकं खर्ची पडलंय, म्हणून लिहितो.

रात्रीची साखर यकृतातून येते. रक्तात साखर मुळात किती असते बघा: पाच लीटर रक्त आणि शंभरचा आकडा धरला, तर सगळी मिळून ५ ग्रॅम. म्हणजे चमचाभर. एकटा मेंदूच तासाला साधारण तेवढी खातो. तेव्हा यकृताने रात्रभर थोडी थोडी साखर सोडली नाही तर माणूस सकाळ बघणार नाही. ती किती सोडायची यावर लगाम इन्सुलिनचा. टाइप २ मध्ये यकृत हा लगाम नीट जुमानत नाही, गरज नसताना साखर सोडत राहतं. त्यात पहाटे कॉर्टिसोल आणि ग्रोथ हॉर्मोन वाढतात, ती भर वेगळी. म्हणून रात्री न जेवता झोपलं तरी सकाळचा आकडा वर असू शकतो. मला तर कित्येकदा रात्री झोपतानापेक्षा सकाळी जास्त दिसतो.

मेटफॉर्मिनचं मुख्य काम याच ठिकाणी आहे, यकृताचा हात आखडता करणं. ती स्वादुपिंडाला दामटून जादा इन्सुलिन काढायला लावत नाही, म्हणून एकटी घेतली तर साखर एकदम खाली जाण्याची भीती फारशी नसते. सुरुवातीला पोट कुरकुरतं. जेवणाबरोबर घेतली की त्रास कमी.

उगाचच:
एवढा काथ्याकूट कशाला? गोड बंद करा, रोज चाला, तीन महिन्यांत सगळं नॉर्मल. माझ्या ओळखीत खूप उदाहरणं आहेत.

साखरझोप:
@उगाचच, धागाकर्तीने उपाय विचारलेले नाहीत. चालणं चांगलंच, त्याबद्दल वाद नाही. स्नायू काम करत असताना इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर उचलतात. पण "आकडा कोणता धरायचा" याचं हे उत्तर नव्हे.

काचपट्टी:
मी लॅबमध्ये काम करते. मत द्यायच्या आधी दोन गोष्टी सांगा.

ताईंचं हिमोग्लोबिन किती आहे? थकव्यासाठी तपासण्या केल्या म्हणजे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) झालाच असेल.

आणि जेवणानंतरच्या तपासणीआधी त्या रोजच्यासारखं जेवल्या होत्या का? दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात. लोक हात धुतल्यावर घड्याळ लावतात आणि अडीच-पावणेतीन तासांनी येतात. शिवाय साखर वाढलेली दिसेल या धास्तीने अर्धपोटी जेवून येणारेही रोज भेटतात.

धागाकर्ती:
तुम्ही मनकवड्या आहात का? ताईला विचारलं. सकाळचं रक्त देतानाच धास्तावली होती म्हणे, नेहमीच्या निम्मंसुद्धा जेवली नाही.

हिमोग्लोबिन ९.२ आहे. फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) कमी आलंय. मासिक पाळीत रक्तस्राव खूप होतो, ते जुनंच दुखणं आहे. लोहाच्या गोळ्या आता सुरू केल्यात. पण याचा साखरेशी काय संबंध?

काचपट्टी:
साखरेशी नाही, एचबीए१सीशी आहे, आणि चांगलाच आहे.

रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते. किती टक्के हिमोग्लोबिनला चिकटली, तो आकडा म्हणजे एचबीए१सी. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब दिसतो आणि शेवटच्या महिन्याचं वजन जास्त पडतं. ६.९ ला सरासरी साखर सुमारे १५१ धरतात.

हे गणित पेशी नेहमीच्या वेगाने तयार होतात आणि मरतात हे गृहीत धरून केलेलं आहे. लोह कमी पडलं की नव्या पेशी रोडावतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं आणि आकडा खऱ्यापेक्षा वर सरकतो. याउलट नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल किंवा पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल, तर तो खोटा कमी दिसतो. ताईंच्या बाबतीत रक्तस्रावही आहे आणि लोहाची कमतरताही. बहुतेक वेळा अशा रिपोर्टमध्ये आकडा फुगलेला असतो, पण किती, ते कागदाकडे बघून सांगता येत नाही. तेव्हा तूर्तास या ६.९ वर मदार ठेवू नका.

जेवणानंतरचा १३६ अर्धपोटी जेवणाचा. तोही बाजूला. नाव घेण्यासारखा आकडा उरला एकच, उपाशीपोटीचा १२९.

ओपीडीनंतर:
काचपट्टी यांनी अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय. मी फिजिशियन आहे. रुग्ण समोर नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

निदानाच्या रेषा अशा: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दोन लागतात. एकाच दिवशी दोन वेगळ्या तपासण्या रेषेपलीकडे असल्या तरी चालतं. तुमच्या ताईंचे १२९ आणि ६.९ कागदावर ही अट पुरी करतात, म्हणूनच डॉक्टरांनी गोळी लिहिली असणार. त्यांची चूक म्हणता येणार नाही. पण ९.२ हिमोग्लोबिन पाहता ६.९ मोजणीतून काढला, तर हातात एकच आकडा राहतो. दुसऱ्या दिवशी, किमान आठ तास उपाशी राहून, शिरेतल्या रक्तावर उपाशीपोटीची तपासणी पुन्हा करा. गोळी सुरू केली असेल तर डॉक्टरांना विचारून करा, मनाने बंद नको.

भावोजींचा मुद्दा: घरचं जेवण जेवून केलेली तपासणी निदानाची नव्हेच. ती नॉर्मल आली म्हणून उपाशीपोटीचा आकडा रद्द होत नाही.

ताईंचा मुद्दा: साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंडं ती लघवीत सोडत नाहीत. साखर लघवीत उतरली की सोबत पाणी ओढून नेते, मग सारखी लघवी आणि मग तहान. १२९-१५० च्या पट्ट्यात असलेल्या माणसाला काहीच जाणवत नाही, वर्षानुवर्षं. १२६ ही रेषा काही हवेतून आलेली नाही. साधारण त्या सुमारापासून डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा वाढत गेलेल्या दिसल्या, म्हणून ती तिथे ओढली. थकवा मात्र मी आधी लोहाच्या खाती मांडेन.

अजून एक. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतली की काहींचं बी१२ जीवनसत्त्व कमी होतं. आधीच अशक्त रक्त असलेल्या माणसाचं बी१२ आत्ताच एकदा मोजून ठेवलेलं बरं.

"आयुष्यभराच्या गोळ्या" हेही दरवेळी खरं नसतं. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या टाइप २ रुग्णांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली चांगलंच वजन उतरवलं, आणि वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्के राहिलं. ही माणसं जादा वजनाची होती. ताई बारीक अंगाच्या असतील तर मात्र टाइप २ गृहीत न धरता सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते सांगणारी तपासणी) आणि गॅड अँटिबॉडी (इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर शरीरच हल्ला करतंय का ते सांगणारी) याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. अशा हल्ल्यातून होणारा टाइप १ फक्त लहानपणीच होतो असं नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. ताई बारीक नाही, हे तिच्याच परवानगीने लिहिते आहे.

डॉक्टरांशी सविस्तर बोलणं झालं. हिमोग्लोबिनचा मुद्दा काढल्यावर त्यांनी लगेच मान्य केलं. ताईने गोळी अजून सुरूच केली नव्हती, त्यामुळे तपासणी सरळ पुन्हा केली. उपाशीपोटी १३१. म्हणजे डायबेटिस आहे, आणि गोळी आता सुरू झाली. भावोजींनी पक्ष बदललाय, मीटर घेऊन ताईच्या मागे फिरतात. त्यातून नवा वाद: त्याच सकाळी मीटरने १४२ दाखवले. खरं कोणाचं?

काचपट्टी:
दोघांचंही. घरच्या मीटरला शंभरच्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं, तुमचा फरक त्यात आरामात बसतो. निदान लॅबवर करायचं, मीटर रोजचा कल बघायला. टोचण्याआधी हात पाण्याने धुऊन कोरडे करायला सांगा. बोटाला फळाचा रस राहिला असेल तर आकडा भलताच चढतो.

ओपीडीनंतर:
टाइप २ मध्ये निदानाच्या वेळीच डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंडांवर परिणाम झाला की लघवीत उतरणारं प्रथिन) आणि पावलांची संवेदना तपासून घ्यायची असते, कारण साखर कधीपासून वाढलेली आहे हे कुणालाच माहीत नसतं. ते राहिलं असेल तर उरकून घ्या.

आणि पुढच्या एचबीए१सीला फसू नका. लोहाच्या गोळ्या लागू पडल्या की नव्या तांबड्या पेशी भराभर येतील आणि साखर तसूभर न हलता आकडा खाली येईल. घरात लगेच "गोळी थांबवू या" सुरू होईल. हिमोग्लोबिन जागेवर येऊन दोन-तीन महिने होईपर्यंत उपाशीपोटीच्या आणि मीटरच्या नोंदी धरून चला. मध्येच सरासरीचा अंदाज हवा असेल तर फ्रुक्टोसामीनबद्दल डॉक्टरांना विचारा. ती तपासणी रक्तातल्या प्रथिनांवर होते, मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देते आणि तांबड्या पेशींशी तिचा संबंध नाही.