ऑर्लँडो सहल: आजोबांची व्हीलचेअर आणि आपली रांग

मंडळी, नमस्कार.

ऑर्लँडोच्या डिस्नी वर्ल्ड सहलीला चौदा जण पक्के झालेत. रांगांचं काय, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. डिस्नीनं १९९९ साली फास्टपास, म्हणजे मोठी रांग टाळून राइडवर जायचा पास, आणला तेव्हा तो फुकट होता. ऑक्टोबर २०२१ पासून त्याच्या जागी विकतची सोय आली, सुरुवातीला माणशी दिवसाला १५ डॉलर. आता भाव तारखेप्रमाणे बदलतो आणि चौदा जणांचा खर्च आपल्याला झेपणारा नाही.

म्हणून एक सुचवतो. आजोबा बरोबर आहेतच. गेटवर त्यांच्यासाठी व्हीलचेअर भाड्यानं घेऊ आणि त्यांना प्रत्येक राइडपर्यंत नेऊ, म्हणजे सगळ्यांना बाजूच्या दारानं आत सोडतील. २०१२ मध्ये आम्ही असंच गेलो होतो. ते स्वतः राइडमध्ये नाही बसले तरी चालतं. पैसेवाले पुढे जातातच, मग आपण गेलो तर कुणाचं काय बिघडतं? हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा.

— सहल समिती

---

दादा,

माझी हरकत आहे, आणि ती सगळ्यांना वाचता यावी म्हणून इथेच लिहिते.

एक तर हे आता चालत नाही. तेव्हा बाजूच्या दारानं सोडायचे ते अपंगांसाठीच्या गेस्ट असिस्टन्स कार्डावर, आणि ते कार्ड ऑक्टोबर २०१३ मध्ये बंद झालं. न्यूयॉर्कची काही श्रीमंत घरं रांग चुकवायला अपंग गाइड भाड्यानं घेतात, ही बातमी त्याच वर्षी मे महिन्यात गाजली होती. आता वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या बहुतेक रांगांतून व्हीलचेअर नेता येते, त्यामुळे व्हीलचेअरवरचा माणूसही बाकीच्यांइतकाच थांबतो. रांगेत थांबणंच ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी डीएएस (डिसॅबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस) ही सोय आहे. त्यातही पुढे घुसायला मिळत नाही. ७० मिनिटांची रांग असेल तर साधारण तेवढ्याच वेळानंतर या म्हणतात, तोवर कुठेतरी शांत बसायचं.

ही सोय आम्हाला का लागते ते सांगते. मागच्या वर्षी दुसऱ्या एका पार्कात आम्हाला अशी काही सोय मिळाली नाही, म्हणून साध्या रांगेत उभे राहिलो. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. पहिली वीस मिनिटं तो कठड्याचे गज मोजत होता. एकेचाळीसपर्यंत जायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचा. मग वर कुठेतरी भोंगा वाजला. त्यानं दोन्ही कान दाबले, खाली बसला आणि डोकं गजावर आपटायला लागला. मागून कुणीतरी मराठीतच म्हणालं, "एवढा मोठा घोडा झालाय, आईबापांनी शिस्त म्हणून लावली नाही." आम्ही त्याला उचलून उलटे फिरलो. त्या अरुंद वाटेत पन्नास-साठ माणसांना बाजूला व्हा म्हणत बाहेर आलो, आणि ते वाक्य बोलणाऱ्या बाईंच्या अगदी जवळून गेलो.

अशा सोयींचा गैरवापर झाला की नियम कडक होतात आणि भुर्दंड भलत्यांनाच बसतो. मे २०२४ पासून वॉल्ट डिस्ने वर्ल्डनं डीएएस मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अपंगत्वापुरतं ठेवलं. आमचा मुलगा त्यात बसतो. आतड्याच्या विकारासारखी वरून न दिसणारी दुखणी असलेल्या कितीतरी जणांना नकार मिळाला. खोटी माहिती दिल्याचं आढळलं तर कायमची प्रवेशबंदी होते, तीही नियमातच लिहिलेली आहे.

पैसे देऊन पुढे जाणं मलाही खटकतं. एका कुटुंबाची ऐपत आहे म्हणून दुसऱ्याची मुलं उन्हात ताटकळतात, हे मला मान्य नाही. पण त्याबद्दलचा राग पार्कवर काढू या, तसं त्यांना लिहू या, मी मसुदा करून देते. आजोबांचे गुडघे पुढे करून चौदा जण आत शिरलो, तर आपण ज्या रांगेच्या पुढे जाऊ त्या रांगेतही कुणाचा तरी असा मुलगा गज मोजत असेल. व्हीलचेअर जरूर घ्या, पण ती आजोबांसाठी.

---

ताई आणि समिती,

ज्याची व्हीलचेअर तो मी. सुनेनं दोन्ही मेल वाचून दाखवल्या, उत्तर मी सांगतोय आणि ती टाइप करतेय.

२०१२ च्या त्या सहलीतही मीच होतो. तेव्हा मी चांगला चालत होतो, तरी मला खुर्चीत बसवून दारापर्यंत नेलं. मंडळी आत गेली आणि मी बाहेर पडायच्या वाटेवर एकटा बसून राहिलो. असं पाच वेळा झालं. पोरं खूश होती म्हणून मी काही बोललो नाही, पण वाईट वाटलं होतं.

आता गुडघे खरंच गेलेत, खुर्ची लागेल. मला झोपाळे-पाळणे नकोत. तिथल्या मॅजिक किंग्डम पार्कात वाफेच्या इंजिनाची गाडी आहे, बाल्डविन कंपनीची शंभर वर्षांपूर्वीच्या आसपासची इंजिनं, आधी मेक्सिकोत धावलेली. मी रेल्वेत नोकरी केली, मला ती जवळून बघायची आहेत. त्यासाठी रांग असली तरी थांबेन. बाकी वेळ ज्यांची उंची राइडला पुरत नाही ती पोरं माझ्यापाशी सावलीत ठेवा, म्हणजे त्यांच्या आईबापांना एकत्र रांगेत उभं राहता येईल.

ताई, तुमच्या मुलाला गाड्या आवडत असतील तर तोही माझ्याबरोबर येऊ दे. भोंगा जोरात वाजतो हे मात्र त्याला आधी सांगून ठेवा.