कोल्हापुरात 250 श्रोत्यांची मैफल: हॉल, साउंड आणि परवानग्या

करवीर_रसिक
मंडळी, डिसेंबरात कोल्हापुरात गाण्याचा कार्यक्रम ठरतोय. पूर्वार्धात ख्याल, मध्यंतरानंतर नाट्यगीतं आणि दोन-तीन जुनी चित्रपटगीतं. साथीला हार्मोनियम, तबला, दोन तानपुरे. श्रोते 250 च्या घरात, तिकीट लावणार. 8 ऑगस्ट 2024 ला केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हापासून हॉलची ओढाताण आहे. शाहू स्मारक, देवल क्लब अशा ठिकाणी चौकशी करतोय, पण काही जण म्हणतात की मोकळं लॉन घ्या, स्वस्तात होईल. साउंडवाला लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मुरलेला आहे. त्याला नेमकं काय सांगायचं? परवानग्या कोणत्या?

तारसप्तक
लॉन नको. डिसेंबरात रात्री दव पडतं, तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैलावते आणि दर दहा मिनिटांनी हातोडी काढावी लागते. शिवाय उघड्यावर आवाज परत फिरत नाही. गायकाला स्वतःचा गळा कोरडा ऐकू येतो, मग तो नकळत जोर लावतो. भिंती असलेली जागाच घ्या.

साउंडवाल्याला पहिलं वाक्य हे सांगा: सबवूफर (धडधडीचा खर्जातला स्पीकर) आणायचा नाही. 250 माणसांना 12 किंवा 15 इंची दोन टॉप, म्हणजे मुख्य स्पीकर, पुरतात. ते स्टेजच्या पुढच्या कडेला, बसलेल्या श्रोत्याच्या डोक्याच्या वर चढवायचे. गायकाच्या मागे गेले की त्यांचा आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी ठरलेलीच.

माईक मोजून लावा. गायकाला एक, हार्मोनियमला एक, तबल्याच्या दायाँ-बायाँला एकेक, दोन्ही तानपुऱ्यांत मिळून एक. पाच झाले, बस. उघडे माईक दुप्पट केले की शिट्टी येण्याआधी आवाज वाढवायला मिळणारी जागा साधारण 3 डेसिबलनी कमी होते. निवेदकाचा माईक निवेदन संपताच बंद करायचा, ही एक सवय लागली तरी निम्मा त्रास जातो.

गायकाचा माईक तोंडापासून 10 ते 15 सेंटिमीटर, हनुवटीच्या किंचित खाली. समोर धरला तर चेहरा झाकतो आणि ‘प’, ‘फ’ फुटतात. मॉनिटर (गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) कुठे ठेवायचा ते माईकवर ठरतं. एसएम 58 सारखा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं टिपणारा) असेल तर त्याची बहिरी बाजू बरोबर मागे असते, म्हणून मॉनिटर थेट गायकासमोर. सुपरकार्डिऑइडला मागून थोडं ऐकू येतं, त्याचा मॉनिटर तिरका, बाजूला सरकवून ठेवायचा. हे न बघता सगळीकडे एकच मांडणी होते आणि मग इक्वलायझरवर आवाजाची चिरफाड होते.

मॉनिटरमध्ये तानपुरा भरपूर, हार्मोनियम अगदी बेताची. गायकाच्या गळ्याला 80–100 हर्ट्झखाली कट द्या, पण बायाँला तोच कट लावू नका, घुमारा मरतो. हार्मोनियमचा माईक वरच्या जाळीपासून 25–30 सेंटिमीटरवर, भात्यापासून लांब, नाहीतर हवा आणि पट्ट्यांची खटखटच येते.

लाइटच्या डिमरला आणि साउंडला वेगवेगळी फेज मागा, अर्थिंग आधी तपासा. लाइट मंद करताना स्पीकरमध्ये गुणगुण येते ती इथूनच.

पडद्यामागे
परवानग्यांचं सांगतो. कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे अर्ज हॉल ज्या हद्दीत येतो त्या पोलीस ठाण्यात करा. सोबत हॉलची पावती, वेळ, अपेक्षित संख्या जोडा. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकबंदी आहे, मात्र बंदिस्त सभागृहात आतल्या आत वापराला ती लागू नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवल्यात तर हा मुद्दा हातातून जातो. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्यापासून 100 मीटर शांतता क्षेत्र असतं, तेही बघा.

गाण्यांच्या हक्कांकडे बहुतेक आयोजक बघतच नाहीत, आणि ते चुकीचं आहे, कारण त्या पैशांवर कवी-संगीतकारांची घरं चालतात. हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतात. ‘मानापमान’ची पदं खाडिलकरांची (निधन 1948), चाली आपल्याच कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांच्या (निधन 1955), म्हणजे दोन्ही मोकळ्या. गदिमा 1977 ला गेले, सुधीर फडके 2002 ला. त्यांची गाणी घेणार असाल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचा परवाना हवा. मध्यंतरात रेकॉर्डिंग वाजवणार असाल तर तो हक्क वेगळा, त्यापेक्षा मध्यंतर शांत ठेवा. पारंपरिक बंदिशींचा प्रश्न नाही.

तिकीट माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर संगीत कार्यक्रमाच्या प्रवेशावर जीएसटी नाही. 501 केलंत की लागतो.

आणि हॉल सत्रानुसार मिळतो हे धरून चाला. साउंड उभा करायला दोन तास, चाचणीला पाऊण तास. सत्र पाचला आणि गाणं सहाला, हे गणित जुळत नाही. आधीच्या सत्रातले दोन-तीन तास मागून घ्या, लागतील तेवढे पैसे द्या.

करवीर_रसिक
खूप आभार दोघांचेही. एक शंका. बघितलेला हॉल 22 मीटर खोल आहे, मागच्या रांगेत शब्द कळत नाहीत अशी तक्रार असते. आवाज वाढवायचा का? एसीमुळे तबला चढतो म्हणतात, ते खरं?

तारसप्तक
वाढवायचा नाही, पुढच्या रांगा हैराण होतील. मुख्य स्पीकरपासून 12 मीटरवर दोन छोटे स्पीकर लावून त्यांना डिले द्या, म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडा. आवाजाला मीटरमागे साधारण 2.9 मिलिसेकंद लागतात, म्हणजे 12 मीटरला 35. त्यावर आणखी 10 घालून 45 ठेवा. मग कान आवाज स्टेजवरूनच येतोय असं मानतो आणि शब्द मात्र स्वच्छ पोचतो. डिले न देता मागे स्पीकर लावले की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. तक्रारीचं मूळ बहुधा तेच असेल.

तबल्याचं खरं आहे. कोरड्या हवेत आणि लाइटच्या उष्णतेत पुडी ताणली जाते, सूर चढतो. एसी आणि लाइट कार्यक्रमाच्या तासभर आधीपासून, कार्यक्रमात असतील तेवढेच चालू ठेवा आणि वाद्यं त्याच हवेत उघडी ठेवा. जुळवणी त्यानंतर.

मिरजेकर
तानपुऱ्यांचं राहिलं. भाड्याचे घेणार असाल तर पट्टी (गायकाचा षड्ज) आधी कळवा. पांढरी चारच्या पुरुषी तानपुऱ्यावर काळी पाच, म्हणजे बरीच वरची पट्टी, ओढली तर तारा तुटतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी (तारेला झंकार यावा म्हणून घोडीची घासाई) काढून मिळते, पण कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी आणा. नवी तार बसायला दोन-तीन दिवस जातात, तोवर ती उतरतच राहते.