पेशी मरतात म्हणून नव्हे

वर कुणीतरी लिहिलंय, की म्हातारपणी मेंदूच्या पेशी भराभर मरतात म्हणून विसरायला होतं. तसं नाही. निरोगी म्हातारपणात पेशी फारशा मरत नाहीत, त्यांच्यातल्या जोडण्या विरळ होतात. हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणारा मेंदूचा भागही आक्रसतो, त्यामुळे नवं ध्यानात राहणं अवघड जातं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे केलेल्या आमच्या आण्णांना तेव्हाचे भाव पाठ आहेत, सकाळची गोळी घेतली का ते मात्र आईला विचारतात! २०११च्या एका अमेरिकी अभ्यासात ५५ ते ८० वयाच्या १२० जणांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा चालायला लावलं; त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा घटला. पण ओळखीच्या गल्लीत वाट चुकायला लागली, तर डॉक्टरांना दाखवाच. कधीकधी बी-१२ची कमतरता किंवा थायरॉईडही निघतं.