मांजरीची खाज थांबतच नाही, खाणं बदलून फरक पडेल का?

प्रश्न: आमची चिंगी मानेवर आणि कानामागे रक्त येईपर्यंत खाजवते. हात फिरवला की केसांखाली रव्यासारखे बारीक फोड लागतात. पोटावरचे केस चाटून चाटून गेलेत. धान्यविरहित खाणं आणलं, फरक शून्य!

उत्तर १: आधी पिसवा बघा. दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं नसतं, मांजर चाटताना त्या गिळून टाकतं. ओल्या पांढऱ्या कागदावर केस विंचरा. पडलेल्या काळ्या कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा. आणि कुत्र्यांचं पर्मेथ्रिन (एक कीटकनाशक) असलेलं औषध चुकूनही लावू नका, मांजरांना ते विष आहे.

उत्तर २: धान्याचा दोष क्वचितच असतो हो. बहुतेकदा कोंबडी, मासे, गोमांस यांतलं प्रथिन नडतं. पिसवा नसतील तर डॉक्टरांना विचारून हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं (म्हणजे शरीराला ओळखू येणार नाहीत इतके बारीक तुकडे केलेल्या प्रथिनांचं) खाणं सुरू करा. किमान 8 आठवडे फक्त तेच. खाऊ नाही, चव घातलेली औषधाची गोळीसुद्धा नाही. (आमच्याकडे आजोबांवरच पहारा ठेवावा लागला, टेबलाखालून त्यांचा पुरवठा चालू!) खाज कमी झाली की जुनं खाणं पुन्हा द्यायचं. साधारण 2 आठवड्यांत खाज परतली तर अन्नाच्या ॲलर्जीचं निदान पक्कं. त्यासाठी रक्तचाचणी भरवशाची नाही, त्यात पैसे घालू नका.

प्रश्नकर्ती: पण ही नवीन खाण्याला तोंडच लावत नाही!

उत्तर २: जुन्यात थोडं थोडं मिसळत आठवडाभरात बदला. 'भूक लागली की खाईल' हा हट्ट मात्र मांजरापुढे नको. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं.